गरुडापाशी भेटू: फिलाडेल्फिया परिसरातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

एक्स्टन, मालवर्न, किंग ऑफ प्रशिया, चेरी हिल, विल्मिंग्टन, जिथे जिथे आपली माणसं राहतात त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे, आणि मंडळाच्या कमिटीने ते जरा जास्त मनावर घ्यावं ही विनंती.

२३ मार्च २०२५ ला सेंटर सिटीतलं, म्हणजे फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीतलं, मेसीज हे मोठं दुकान बंद झालं. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत मला आपल्यातल्या बऱ्याच जणांचे मेसेज आले, की सेल लागलाय, सुटकेसेस स्वस्तात मिळतायत, भारतात न्यायला परफ्यूम घेऊन ठेव. एकानेही विचारलं नाही की मग तिथल्या त्या प्रचंड ऑर्गनचं, नळ्यांच्या बाज्याचं, काय होणार. मी दोष देत नाहीये कोणाला. आपल्याला कधी कोणी सांगितलंच नाही की ज्याला आपण "सिटी हॉलजवळचं मेसीज" म्हणायचो ते मुळात मेसीज नव्हतंच. ते वॉनामेकरचं दुकान. मेसीजची पाटी तिथे २००६ ला लागली, म्हणजे जवळपास दीडशे वर्षांच्या गोष्टीतली शेवटची एकोणीस वर्षं फक्त. आधीची गोष्ट आपण ऐकलीच नाही, आणि आता ती जागा पुढे कशी राहणार हे ठरतंय तेव्हा आपण गप्प बसलो तर मला फार वाईट वाटेल, म्हणून लिहितेय.

माझं सांगते आधी. मी २००९ ला इथे आले तेव्हा नोकरी चेस्टनट स्ट्रीटवर होती. पाओली-थॉर्नडेल लाईनने सबर्बन स्टेशनला उतरायचं आणि चालत ऑफिस. नोव्हेंबरमध्ये एक दिवस हातमोजे ट्रेनमध्ये राहिले म्हणून लंच ब्रेकला नवीन घ्यायला आत शिरले. काउंटरवर मोजे घालून बघत होते आणि बाराच्या सुमाराला पायाखालची फरशी थरथरायला लागली. मला वाटलं खालून ट्रेन गेली, कारण खाली थर्टीन्थ स्ट्रीटचं स्टेशन आहेच. पण थरथर काही थांबेना, मग शेजारच्या काचेच्या शेल्फवरच्या अत्तराच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या, आणि मग आवाज आला, तो कुठून आला ते कळेचना, चारी भिंतींमधून एकदमच आल्यासारखा, आधी छातीत आणि मग कानात. मी वर बघितलं तर सात मजले वर छत, मधे सगळं मोकळं, चहूबाजूंनी कमानी आणि कठडे, आणि एका भिंतीवर सोनेरी नळ्यांचा डोंगर. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच आलीस का, मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातले मोजे काढून घेऊन बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, ऐकून घे आधी, मोजे कुठे जात नाहीत. त्या दिवशी मी ऑफिसला वीस मिनिटं उशिरा गेले. पुढची कितीतरी वर्षं आठवड्यातून एकदा तरी मी डबा घेऊन तिथे जाऊन बसत असे, आणि त्यातल्या बहुतेक वेळा काहीही विकत न घेता बाहेर पडत असे, आणि एकदाही मला कोणी विचारलं नाही की बाई तुमचं इथे काय काम आहे.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच येणार आहे.

आता जॉन वॉनामेकर. हा माणूस फिलाडेल्फियाचाच, जन्म १८३८. १८६१ मध्ये, म्हणजे इकडे यादवी युद्ध सुरू होत होतं त्याच वर्षी, त्याने मेहुण्याबरोबर सिक्स्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं, नाव ओक हॉल. त्या काळात कापड घेणं म्हणजे घासाघीस. वस्तूवर किंमत लिहिलेली नसायची, दुकानदार गिऱ्हाईकाचा चेहरा आणि कोट बघून आकडा सांगणार, मग तुम्ही कमी सांगणार, आणि एकदा घेतलं की घेतलं, घरी जाऊन उसवलं तरी ते तुमचं नशीब. आपल्याला हे समजावून सांगायला नको. वॉनामेकरने ठरवलं की प्रत्येक वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लागणार, ती सगळ्यांना एकच, आणि माल पसंत पडला नाही तर पैसे परत. तो धार्मिक माणूस, विशीतच संडे स्कूल, म्हणजे रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, चालवायला लागलेला, आणि देवापुढे सगळे सारखे तर किंमतीपुढेही सगळे सारखेच असले पाहिजेत असं त्याचं म्हणणं होतं असं सांगतात. एकच भाव ही कल्पना त्याने शोधली असं मी म्हणणार नाही, फिलाडेल्फियाचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे व्यापारी आधीपासून एकाच भावाने विकायचे, आणि पॅरिसमध्ये बॉन मार्शे दुकानात १८५० च्या दशकापासून हेच चाललं होतं. पण या शहरात हे इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या ठासून त्याने केलं. आणि याचा परिणाम फक्त किंमतीपुरता नाही राहिला. घासाघीस गेली की दुकानात नुसतं फिरायला मोकळीक मिळते. बघायचं, हात लावायचा, किंमत वाचायची आणि परत ठेवून द्यायचं, कोणाशी एक शब्द न बोलता. ज्या बाईला बाजारात पुरुषांशी भाव करायला संकोच वाटायचा ती एकटी येऊन दोन तास घालवू शकत होती. आपण आज जे सहज करतो ते कोणीतरी आधी करू दिलं म्हणून करतो.

१८७६ ला इथे फेअरमाउंट पार्कात सेंटेनियलचं जागतिक प्रदर्शन भरलं. वॉनामेकरने त्याच सुमाराला थर्टीन्थ आणि मार्केटला पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा जुना मालधक्का विकत घेतला. सिटी हॉलचं बांधकाम तेव्हा शेजारी चालूच होतं. लोक म्हणाले असतील की एवढ्या लांब कोण येणार. दुकान सुरू करायच्या आधी त्याने ती जागा ड्वाइट मूडी नावाच्या धर्मोपदेशकाला प्रवचनांसाठी वापरायला दिली, हजारो माणसं तिथे येऊन बसली, आणि जागा सगळ्या गावाला माहीत झाली. मग १८७६ ला ग्रँड डेपो नावाने दुकान उघडलं आणि पुढच्या वर्षी त्यात बायकांचे कपडे, घरसामान, सगळंच आलं. १८७८ ला विजेचे दिवे, १८७९ ला टेलिफोन, १८८० ला हवेच्या दाबाने नळीतून पैसे आणि कागद पाठवायची सोय. काउंटरवरून नोट नळीत टाकायची, ती सूंऽऽ करत कॅशियरकडे, आणि सुटे पैसे त्याच रस्त्याने परत. विजेचा दिवा बघायलाच निम्मे लोक येत असणार, कारण घरी कोणाकडे होता तेव्हा.

मधे १८८९ ते १८९३ तो राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या सरकारात पोस्टमास्टर जनरल होता, अमेरिकेतली पहिली स्मरणार्थ तिकिटं त्याच्या काळात निघाली, आणि खेड्यातल्या माणसाला घरपोच टपाल मिळालं पाहिजे म्हणून तो मागे लागला होता. त्यात दुकानदाराचा फायदा होताच. तरी शेतकऱ्याच्या दारात पत्र पोचलं पाहिजे असं मोठ्याने म्हणणारा माणूस म्हणून मला तो आवडतो.

न आवडणारी गोष्टही सांगते. सगळ्यांना एकच भाव म्हणणाऱ्या या दुकानात, आणि शहरातल्या बाकीच्या मोठ्या दुकानांतही, काळ्या माणसांना लिफ्ट चालवणं, सामान वाहणं, किचन असली कामं मिळायची, काउंटरमागे उभं राहून विकायचं काम फार उशिरा, खूप झगडून मिळालं. कामगारांसाठी शाळा होती, पोरांसाठी न्यू जर्सीत आयलंड हाइट्सला उन्हाळी कॅम्प होता, हे सगळं खरं. आणि ते दुसरंही खरं. ही जागा सगळ्यांची राहू दे असं मी म्हणते तेव्हा ती पहिल्यापासून सगळ्यांची नव्हती हे मला माहीत आहे.

आता इमारत. सध्या जी उभी आहे ती शिकागोच्या डॅनियल बर्नहॅमने बांधली. शिकागोचं मार्शल फील्ड आणि लंडनचं सेल्फ्रिजेस या दुकानांच्या मागेही हाच माणूस. जुना ग्रँड डेपो पाडून नवीन बांधायचं तर धंदा बंद ठेवावा लागणार, म्हणून तीन तुकडे केले. एक तुकडा पाडायचा, बांधायचा, तोपर्यंत बाकीच्यात विक्री चालू, मग पुढचा. १९०२ पासून १९११ पर्यंत हे चाललं. बारा मजले, आणि मधोमध ग्रँड कोर्ट, १५० फूट उंच मोकळी जागा. जमिनीचा एवढा भाव असलेल्या ठिकाणी सात मजल्यांचं मधलं क्षेत्रफळ सोडून देणं म्हणजे काय हे घर घेताना स्क्वेअर फूट मोजणाऱ्या आपल्याला बरोबर कळेल. तिथे माल ठेवता आला असता. तो ठेवला नाही. ३० डिसेंबर १९११ ला राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट स्वतः येऊन उद्घाटन करून गेले. देशाचा अध्यक्ष एका दुकानाच्या उद्घाटनाला.

या ग्रँड कोर्टमधला गरुडाचा पुतळा आणि ऑर्गन दोन्ही सेंट लुईसचे. तिथे १९०४ ला जागतिक मेळा भरला होता. गरुड ऑगस्ट गाऊल नावाच्या जर्मन शिल्पकाराचा, ब्राँझचा, वजन २,५०० पौंड, आणि त्याची पिसं एकेक वेगळी घडवलेली, ५,००० च्या घरात. त्याला पेलायला दुकानाच्या जमिनीखाली जास्तीचे गर्डर टाकावे लागले. जवळ जाऊन त्याच्या पायांकडे बघा कधी. नख्यांवरची खवलं आणि मानेवरचं पीस यांच्यावर सारखीच मेहनत आहे, आणि लहान पोरांचा हात पोचेल तिथे ब्राँझ घासून उजळलंय. फिलाडेल्फियात "गरुडापाशी भेट" एवढं म्हटलं की पुरायचं, फोन खिशात नसायचे तेव्हा नवरा बायकोला, मैत्रीण मैत्रिणीला, आई चुकलेल्या पोराला इथेच भेटायची. माझी आई २०१४ ला आली होती तेव्हा तिला इंग्रजी बोलायची भीती वाटायची, तरी ती एकटी दुकानभर फिरून आली कारण मी तिला सांगितलं होतं, चुकलीस तर कोणालाही फक्त "ईगल" म्हण. ती खरंच चुकली, तिने खरंच ईगल म्हटलं, आणि एका माणसाने तिला हाताला धरून आणून सोडलं. अजून सांगते ती ही गोष्ट.

ऑर्गनची गोष्ट मोठी आहे आणि मी ती आटोपती घेणार नाही. हा बाजा जॉर्ज ऑड्सली या माणसाने आखला आणि लॉस एंजेलिसच्या एका कंपनीने मेळ्यासाठी बांधला, १०,०५९ नळ्या, तेव्हा जगातला सगळ्यात मोठा. फ्रान्सचे ऑर्गनवादक अलेक्झांद्र गिलमाँ यांनी मेळ्यात त्याच्यावर चाळीस कार्यक्रम केले. खर्च इतका झाला की बांधणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं, आणि मेळा संपल्यावर तो खोक्यांत भरून सेंट लुईसच्या गोदामात पडून राहिला. पाच वर्षं. १९०९ ला वॉनामेकरने तो घेतला, मालगाडीचे तेरा डबे भरून फिलाडेल्फियाला आणला, आणि जोडायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा वाजला २२ जून १९११ ला, लंडनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक झाला त्या दिवशी.

आणि वाजल्यावर कळलं की एवढ्या मोठ्या ग्रँड कोर्टला तो पुरत नाही! जगातला सगळ्यात मोठा ऑर्गन कमी पडला. मग जॉनचा मुलगा रॉडमन वॉनामेकर, संगीताचं भयंकर वेड असलेला, त्याने दुकानाच्या पोटमाळ्यावरच ऑर्गनचा कारखाना काढला, चाळीसपर्यंत कामगार पगारावर ठेवले, आणि वर्षानुवर्षं त्यात नळ्या वाढवत राहिले. हे १९३० पर्यंत चाललं, आणि आज नळ्या आहेत २८,७५०. सगळ्यात लांब नळी ३२ फुटांची, लाकडी, आत माणूस सरपटत जाऊ शकेल एवढी, आणि सगळ्यात बारकी पेन्सिलीहूनही लहान. समोर सोनेरी दिसतात तो फक्त दर्शनी भाग, खरा बाजा भिंतीमागे कित्येक मजले पसरलाय. वाजवणारा बसतो दुसऱ्या मजल्यावर, समोर सहा कीबोर्ड एकावर एक, आणि भोवती रंगीत पट्ट्यांची अर्धगोल भिंत, शेकडो पट्ट्या, कुठली दाबली की कुठला आवाज जागा होणार त्याच्या. यातला एक विभाग नुसता तारवाद्यांसारख्या आवाजाचा आहे, तो मंद लावला की व्हायोलिनचा अख्खा ताफा कुठल्यातरी लांबच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमधल्या ऑर्गनला नळ्या याच्याहून जास्त आहेत, पण तो अजून पूर्ण वाजत नाही. पूर्ण वाजणाऱ्यांत हाच सगळ्यात मोठा.

१९१९ ला लिओपोल्ड स्टोकोव्स्की फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा घेऊन इथे आले, शार्ल कुर्ब्वँ ऑर्गनवर, आणि दुकान बंद झाल्यावर रात्री सुमारे १५,००० माणसं या कोर्टात आणि वरच्या गॅलऱ्यांत उभी होती. १९२१ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सचे ऑर्गनवादक मार्सेल द्युप्रे यांनी याच ऑर्गनवर आयत्या वेळी सुचेल तसं जे वाजवलं, त्यातून पुढे त्यांची गाजलेली रचना उभी राहिली. आणि हे मोठे लोक सोडा. रविवार सोडून रोज दोनदा तो वाजत असे, दुपारी आणि संध्याकाळी, मालक बदलले, पाट्या बदलल्या, तरी वाजत राहिला. तिकीट नाही. मोजे घ्यायला आलेल्या माणसाला फुकट.

बाकी किती सांगू. नवव्या मजल्यावर क्रिस्टल टी रूम, झुंबरांखाली १,४०० माणसं एका वेळी जेवतील एवढी. आठव्या मजल्यावर खेळण्यांच्या विभागात छताला टांगलेली मोनोरेल, पोरं तिच्यात बसून खालची खेळणी बघत फिरायची. ती गाडी आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या प्लीज टच म्युझियममध्ये आहे, जिथे आपण मुलांचे वाढदिवस केलेत, आणि ते म्युझियम ज्या मेमोरियल हॉलमध्ये आहे तो १८७६ च्या त्याच प्रदर्शनासाठी बांधलेला. फिरून गाडी तिथेच आली. मदर्स डे तुम्ही सगळे साजरा करता ना, त्याचा पहिला मोठा कार्यक्रम १० मे १९०८ ला झाला तो सकाळी वेस्ट व्हर्जिनियात ग्राफ्टनच्या चर्चमध्ये आणि दुपारी इथे, वॉनामेकरच्या सभागृहात, हा दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस इथे स्वतः बोलल्या. पुढे त्या दिवसाचा बाजार झालेला त्यांना सहन झाला नाही, इथल्या टी रूममध्ये मेन्यूवर मदर्स डे सॅलड बघून त्यांनी ते मागवलं, जमिनीवर ओतलं, पैसे ठेवले आणि निघून गेल्या असं सांगतात. त्या वारल्या १९४८ ला, वेस्ट चेस्टरला. आपण दर आठवड्याला जिथून जातो तिथे.

आणि नाताळातले दिवे. १९५६ पासून. ग्रँड कोर्टच्या भिंतीवर कित्येक मजले उंच दिव्यांचं झाड, हिमकण, आगगाडी, आणि खाली संगमरवरी जमिनीवर मांडी घालून बसलेली शेकडो पोरं, त्यांचे आईबाप जाड कोट मांडीवर घेऊन मागे. मी किती प्रकारची माणसं तिथे एकत्र जमिनीवर बसलेली पाहिली आहेत. दक्षिण फिलीच्या इटालियन आज्या, हिजाब घातलेल्या आया, चर्चची बस भरून आलेले काळे म्हातारे, शेजारच्या ऑफिसचे सूटवाले. दिवे मंद व्हायच्या आधी सगळीकडे एकदम शांत होतं आणि मग एक बारकं पोर हमखास जोरात काहीतरी बोलतं. तिसऱ्या मजल्यावर डिकन्स व्हिलेज होतं, म्हणजे चार्ल्स डिकन्सच्या नाताळच्या गोष्टीचे देखावे, चालत बघायचे, ते १९८५ ला स्ट्रॉब्रिजेस या दुसऱ्या दुकानात तयार झालं होतं, ते दुकान बंद पडल्यावर इथे आलं. म्हणजे बंद पडलेल्या दुकानाची आठवण या दुकानाने सांभाळली.

बंद पडायचं कारण सगळ्यांना माहितीये. गावाबाहेर घरं गेली, मॉल गेले, किंग ऑफ प्रशियाचा मॉल आपणच भरवला, आणि मग फोनवरून खरेदी. घराण्याने १९७८ ला दुकान विकलं, नंतर एकाकडून दुसऱ्याकडे, १९९५ ला वॉनामेकर हे नाव दारावरून गेलं, हेक्ट्स आलं, लॉर्ड अँड टेलर आलं, काही दिवस स्ट्रॉब्रिजेस, मग मेसीज. सुरुवातीला बारा मजले भरून दुकान होतं ते शेवटी तीन मजल्यांवर आलं, वर ऑफिसं.

आता इमारत न्यूयॉर्कच्या टी. एफ. कॉर्नरस्टोन कंपनीकडे आहे. वर फ्लॅट्स होणार, खाली दुकानं होणार. ऑर्गन आणि गरुड जागेवर राहतील असं त्यांनी जाहीर केलंय आणि मी त्यावर विश्वास ठेवते. इमारत १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे, आणि शहराच्या ऐतिहासिक आयोगाने ग्रँड कोर्टच्या आतल्या भागालाही संरक्षण दिलंय. मेसीज गेल्यावरही २०२५ मध्ये ऑपेरा फिलाडेल्फियाने तिथे कार्यक्रम केले, आणि नाताळातले दिवे लागले ते गावातल्या लोकांनी आणि संस्थांनी वर्गणी काढली म्हणून.

मग मी कशाला घाबरतेय? सांगते. कायदा दगडाला वाचवतो. कमान पाडता येणार नाही, गरुड हलवता येणार नाही. पण दार किती वाजता उघडायचं, आत यायला तिकीट लावायचं का, जमिनीवर बसू द्यायचं का, ऑर्गन रोज वाजवायचा की वर्षातून चार रात्री मोठ्या पार्टीला वाजवायचा, हे कुठल्याही संरक्षणात लिहिलेलं नसतं. दुकान होतं तोवर हा प्रश्नच नव्हता, कारण दुकानाला दार उघडं ठेवावंच लागतं आणि आत आलेल्या प्रत्येक माणसाला उद्याचं गिऱ्हाईक समजावं लागतं. तो धंद्याचा नियमच सगळ्यांना आत घ्यायचा. फ्लॅट्सच्या लॉबीचा नियम बरोबर उलटा असतो. तिथे दारावर माणूस बसवतात तो विचारायलाच, की तुमचं इथे काय काम आहे.

आणि ऑर्गन वाजवला नाही तर तो बिघडतो, हे नुसतं भावनेने म्हणत नाहीये. प्रत्येक नळीखाली हवा सोडणारी झडप असते, त्यात चामड्याचे बारके भाते असतात, ते हलत राहिले पाहिजेत, नाहीतर कडक होतात, चिरतात. हजारो झडपा, हजारो विजेचे जोड. रोज वाजला की रोज कळतं कुठला सूर आज आला नाही, आणि दुरुस्ती करणारे त्याच दिवशी आत जाऊन बघतात. वर्षातून चारदा वाजणाऱ्या बाज्याचं दुखणं कळेपर्यंत शंभर नळ्या मुक्या झालेल्या असतात. फ्रेंड्स ऑफ द वॉनामेकर ऑर्गन ही संस्था १९९१ पासून यासाठी झटतेय, त्यांना पैसेही लागतात आणि माणसंही.

आपल्याकडून मला काय हवंय ते सांगते. कमिटीने मंडळाच्या नावाने एक पत्र लिहावं, सिटी कौन्सिलला, ऐतिहासिक आयोगाला आणि नव्या मालकांना, तीन ओळी पुरे: ग्रँड कोर्ट विनातिकीट सगळ्यांना खुला राहावा, आणि ऑर्गन रविवार सोडून रोज वाजावा. मी मसुदा करून देते. या परिसरात आपली किती कुटुंबं आहेत, किती डॉक्टर, किती आयटीवाले, किती दुकानदार, इथे टॅक्स भरतो आपण सगळे. गणपतीला हॉल भरतो आणि शहराच्या सुनावणीला एकही मराठी नाव नसतं, हे मला खटकतं. दुसरं, मराठी शाळेतल्या मुलांना एकदा तिथे न्यायचं, फ्लॅट्स-दुकानांचं काम संपून दार उघडेल तेव्हा, आणि त्याआधी मेमोरियल हॉलला नेऊन ती मोनोरेल दाखवायची, म्हणजे धागा कळेल. तिसरं, ज्यांच्याकडे तिथले जुने फोटो असतील, सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेले काका-काकू आहेत आपल्यात, ज्यांनी पहिला हिवाळी कोट तिथे घेतला, ज्यांनी मुलांना पहिल्यांदा ते दिवे दाखवले, त्यांनी ते फोटो शोधून ठेवा, मागे नाव-वर्ष लिहा, मला द्या, मी स्कॅन करून परत आणून देईन. दुकानाच्या गोष्टीत आपणही होतो हे कुठेतरी दिसू दे.

कोणी म्हणेल की एवढं काय, चर्चचं वाद्य, नाताळचे दिवे, आपलं काय त्यात. सिटी हॉलच्या पूर्वेच्या बाजूला वॉनामेकरचा पुतळा आहे, १९२३ चा, त्याच्याखाली पोस्टमास्टर जनरल लिहिलेलं नाही, व्यापारी लिहिलेलं नाही, नाव आणि पुढे "नागरिक" एवढंच. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो शब्द मिळायला पंधरा-पंधरा वर्षं लाईनीत काढली आहेत. मग शहर आपल्याला विचारतंय की या जागेचं काय करायचं, तर आपण सांगायला नको का?

दार परत उघडेल तेव्हा जायचं कसं ते लिहून ठेवते, कारण बरेच जण पार्किंगच्या नावाने टाळतात. गाडी नेऊच नका. एक्स्टन-मालवर्नवाल्यांनी पाओली-थॉर्नडेल लाईनने सबर्बन स्टेशन किंवा जेफरसनला उतरायचं, जर्सीवाल्यांनी पॅटकोच्या ट्रेनने यायचं, सगळीकडून दहा-बारा मिनिटांचं चालणं आहे. बाराच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. एकदा दुसऱ्या मजल्यावर जाऊन वाजवणाऱ्याचे हात आणि पाय बघा, पाय जास्त बघा, आणि मग खाली या. खाली गरुडाजवळ बसा, बूट काढता आले तर काढा, आणि तळवे फरशीला टेकवून ठेवा. ३२ फुटी नळीचा सूर कानाआधी तळव्यांना लागतो.

तुमच्यातलीच एक,
एक्स्टनहून